धातूचे पीठ

तुमच्या वर्गात कोणाच्या तरी दातांना तार बसवलेली तुम्ही पाहिली असेल. वेडेवाकडे आलेले दात हळूहळू ओळीत आणण्यासाठी दंतवैद्य ही तार बसवतात. ही तार ज्यातून ओवलेली असते तो धातूचा बारीक तुकडा एकदा जवळून पाहा. अर्थात, ज्याचे दात त्याची परवानगी घेऊन! या तुकड्याला ‘ब्रॅकेट’ म्हणतात. आकार जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा. पण त्यावर किती कारागिरी असते पाहा. मधोमध तार बसण्यासाठी एक खाच, तिची रुंदी साधारण अर्धा मिलिमीटर. कडेला छोटे पंख, पंखांच्या खाली खोबणी आणि पाठीमागे दाताला पक्के चिकटावे म्हणून मुद्दाम खडबडीत ठेवलेला तळ. खाच जरा रुंद झाली तर तार सैल बसेल आणि दात भलत्याच दिशेने सरकेल. शिवाय हा तुकडा गंजता कामा नये, म्हणून तो स्टेनलेस पोलादाचा करतात.

आता सांगा, असे ब्रॅकेट कसे बनवाल? पोलादाचा तुकडा घेऊन कोरत बसलात तर एकेका ब्रॅकेटला फार वेळ लागेल, आणि धातूचा बराचसा भाग कीस होऊन वाया जाईल. वितळलेले पोलाद साच्यात ओतावे म्हटले, तर त्यासाठी १४०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान हवे. इतका तप्त रस इतक्या अरुंद जागेत शिरण्याआधीच थिजू लागतो. मग रोज हजारोंनी लागणारे हे तुकडे तयार होतात तरी कसे?

उत्तर ऐकून नवल वाटेल. पोलादाचे आधी पीठ करतात, त्या पिठाला आकार देतात आणि पोलाद न वितळवता ते भट्टीत भाजून घट्ट करतात. धातूच्या पिठापासून वस्तू घडवण्याच्या या शास्त्राला ‘चूर्ण धातुविज्ञान’ म्हणतात आणि भट्टीतल्या त्या क्रियेला ‘तापपिंडन’. कारखान्यातले लोक मात्र सरळ ‘सिंटरिंग’ म्हणतात.

गाठी आणि लाडू

गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी कशा करतात, ठाऊक आहे ना? साखरेचा पाक साच्यात ओततात. तो थिजला की गाठी तयार. धातूच्या बाबतीत यालाच ओतकाम म्हणतात. रव्याचा लाडू मात्र वेगळ्या रीतीने होतो. तिथे रवा वितळत नाही. त्याचे कण मुठीत दाबून जवळ आणले जातात आणि तूप-साखर त्यांना धरून ठेवते.

धातूच्या पिठाचाही असाच लाडू वळता येतो. फरक एवढाच, की इथे शेवटी तूपही लागत नाही. कण एकमेकांना टेकवून पुरेसे तापवले, की ते आपण होऊन एकमेकांना जोडले जातात.

ही युक्ती फार जुनी आहे. प्लॅटिनम १७६८° से. ला वितळते. एवढे तापमान जुन्या काळी कोणत्याच भट्टीत मिळत नसे. तरीही दक्षिण अमेरिकेत, आजच्या एक्वादोर व कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांनी युरोपीय तेथे पोहोचण्याच्या शेकडो वर्षे आधी प्लॅटिनमचे दागिने घडवले. नदीच्या वाळूत सापडणाऱ्या प्लॅटिनमच्या कणांत ते थोडे सोने मिसळून तापवीत. सोने १०६४° से. ला वितळते. वितळलेले सोने प्लॅटिनमच्या कणांभोवती पसरून त्यांना सांधून टाकी. मग तो गोळा ठोकून त्याला आकार देत.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे दिल्लीला कुतुबमिनाराजवळ उभा असलेला गुप्तकालीन लोहस्तंभ. सुमारे ७ मीटर उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा हा स्तंभ वितळलेल्या लोखंडाचा ओतलेला नाही. त्या काळच्या भट्टीत लोखंड वितळत नसे. धातुकापासून लोखंडाचे सच्छिद्र, स्पंजासारखे गोळे मिळत. असे गोळे तापवून, ठोकून एकमेकांना जोडत हा स्तंभ उभा केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील विल्यम वुलस्टन या शास्त्रज्ञाने शुद्ध प्लॅटिनमचे पीठ मिळवण्याची रीत शोधली. ते पीठ ओले असतानाच पितळी नळीत दाबून त्याची वडी करायची, ती तापवायची आणि गरम असतानाच ठोकायची, अशी ती रीत होती. या प्लॅटिनमची भांडी गंधकाम्ल तयार करणाऱ्यांना हवीच होती. वुलस्टनने आपली कृती सुमारे पाव शतक गुप्त ठेवली आणि १८२८ साली, मृत्यूच्या अगदी थोडे दिवस आधी, रॉयल सोसायटीपुढे उघड केली.

पुढचा मोठा टप्पा विजेच्या दिव्याचा. दिव्याच्या तारेसाठी टंगस्टनसारखा धातू नाही, कारण तो ३४२२° से. ला वितळतो. पण म्हणूनच तो वितळवून ओतता येत नाही, आणि त्याचे पीठ दाबून केलेली कांडी काचेसारखी ठिसूळ. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास यावर तोड काढली. टंगस्टनच्या पिठाची दाबलेली कांडी हायड्रोजन वायूत ठेवून तिच्यातून जोराचा विद्युतप्रवाह सोडायचा. कांडी तापून कण जुळले, की गरम असतानाच ती ठोकत ठोकत आणि ओढत ओढत बारीक करायची. अशी केसाहून बारीक तार वळवून जगभरच्या पिवळ्या दिव्यांत बसली. आज तुमच्या घरी एल.ई.डी. दिवे असतील, पण तुमच्या आजी-आजोबांनी ज्या बल्बखाली अभ्यास केला, त्यातली तार कधीही वितळलेली नव्हती.

कण एकमेकांना का जुळतात?

वितळल्यावाचून दोन कण जुळतात तरी कसे? याचे उत्तर कणांच्या पृष्ठभागात आहे.

धातूच्या आतल्या भागातील अणूला सगळ्या बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूला मात्र एका बाजूला शेजारीच नसतात. त्यामुळे पृष्ठभागावरच्या अणूंची ऊर्जा आतल्या अणूंपेक्षा जास्त असते, आणि ऊर्जा कमी करण्याकडे निसर्गाचा कल असतो. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब गोल होतो तो याच कारणाने. कारण तेवढ्या पाण्याला सर्वांत कमी पृष्ठभाग गोल आकारातच मिळतो.

आता थोडे गणित करू. १ सेंमी. बाजूचा लोखंडाचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौ. सेंमी. त्याचे १० मायक्रॉन बाजूचे घन केले अशी कल्पना करा. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) प्रत्येक बाजूला १००० तुकडे, म्हणजे एकूण १०० कोटी घन होतील. त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६००० चौ. सेंमी. होईल. म्हणजे एक मीटर लांब आणि ६० सेंमी. रुंद टेबलाच्या पृष्ठभागाएवढा! लोखंड तेच, वजन तेच. पृष्ठभाग मात्र हजारपट झाला. एवढा मोठा पृष्ठभाग कमी करण्याची ‘ओढ’ त्या पिठात साठून राहिलेली असते.

मग पीठ डब्यातच का जुळत नाही? कारण थंड धातूत अणू आपापल्या जागी जखडलेले असतात. तापमान वाढवले की त्यांना जागा सोडून सरकता येऊ लागते. यासाठी वितळणबिंदू गाठावाच लागतो असे नाही. लोखंड १५३८° से. ला, म्हणजे १८११ केल्व्हिनला वितळते. कारखान्यात लोखंडी पिठाचे तापपिंडन बहुधा ११२०° से. ला, म्हणजे १३९३ केल्व्हिनला करतात. भागाकार करून पाहा: वितळणबिंदूच्या सुमारे ७७ टक्के.

दोन कण जिथे टेकलेले असतात तिथे अणू येऊन जमू लागतात आणि दोघांच्या मध्ये एक बारीक मान तयार होते. ही मान हळूहळू जाड होते. कणांच्या मधल्या वेड्यावाकड्या पोकळ्या आधी गोल होतात, मग लहान होतात. कणांची केंद्रे एकमेकांजवळ सरकतात आणि सगळी वस्तू आक्रसते. १९४९ साली जॉर्ज कुचिन्स्की या शास्त्रज्ञाने धातूच्या बारीक गोळ्या त्याच धातूच्या पत्र्यावर ठेवून तापवल्या आणि मान किती वेळात किती वाढते ते मोजले. मानेची जाडी दुप्पट व्हायला वेळ दुप्पट नव्हे, तर ३२ पट लागतो असे त्यांना आढळले. म्हणजे सुरुवातीला मान झटकन तयार होते, पुढे मात्र वाढ फार मंदावते. नुसता वेळ वाढवून फारसे साधत नाही.

कण बारीक करून मात्र पुष्कळ साधते. कणाचा आकार दहावा हिस्सा केला, तर तेवढेच जुळण्याला लागणारा वेळ हजारावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या ब्रॅकेटचे मर्म याच गोष्टीत आहे.

पीठ, साचा आणि भट्टी

धातू दळायला गिरणी नसते. (ठिसूळ धातू दळतातही, पण लोखंड-पोलाद दळण्यासारखे नाही.) एक रीत म्हणजे वितळलेल्या धातूची बारीक धार सोडून तिच्यावर पाण्याचे किंवा वायूचे जोरदार फवारे मारायचे. धार फुटून तिचे तुषार होतात आणि खाली पडेपर्यंत ते थिजतात. पाण्याने फोडलेले कण वेडेवाकडे होतात, वायूने फोडलेले बहुधा गोल. म्हणजे या रीतीत धातू एकदा वितळतो खरा, पण वस्तूला आकार देताना नाही. दुसरी रीत स्वीडनमधील होगानेस येथे विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली. त्यात शुद्ध लोहधातुक आणि कोळसा एकत्र तापवून लोखंडाचा स्पंज मिळवतात आणि तो कुटून चाळतात.

साध्या रीतीत हे पीठ पोलादी साच्यात भरून वरून व खालून पंचांनी दाबतात. दाब असतो दर चौरस सेंटिमीटरला चार ते सात टन. म्हणजे तुमच्या नखाएवढ्या जागेवर एक हत्ती उभा! या दाबाने वेडेवाकडे कण एकमेकांत अडकतात आणि वडी साच्यातून सुटी निघते. ती हाताने उचलता येते, पण खाली पडली तर तुटते. भट्टीतून गेल्यावर मात्र ती पक्की होते. मोटारसायकलच्या तेलपंपाचे दाते असलेले चक्र, शॉक ॲबसॉर्बरमधला दट्ट्या असे असंख्य भाग याच रीतीने होतात.

कधी कधी पोकळ्या मुद्दाम शिल्लक ठेवतात. टेबलपंख्याच्या किंवा मिक्सरच्या मोटारीत दांडा ज्यात फिरतो ते काशाचे बुश पाहा. साधारण ९० भाग तांबे आणि १० भाग कथील यांच्या पिठापासून ते करतात आणि त्याच्या एकूण घनफळाचा पाचवा ते चौथा हिस्सा पोकळ ठेवतात. या पोकळ्यांत तेल भरतात. दांडा फिरून बुश तापले की तेल बाहेर येते. थांबून थंड झाले की केशाकर्षणाने पुन्हा आत शोषले जाते. म्हणून अशा बुशाला वरचेवर तेल द्यावे लागत नाही. ओतकामाने असे बुश करता आले नसते.

पण दाबण्याच्या या रीतीला मर्यादा आहेत. पंच वरखाली हलतात. त्यामुळे आडवे भोक किंवा पंखाखालची खोबणी ठेवता येत नाही, कारण मग वडी साच्यातून सुटणारच नाही. आपल्या ब्रॅकेटला तर नेमकी तशीच खोबणी हवी.

सोऱ्यातली चकली

यावरचा उपाय समजून घ्यायला दिवाळीच्या फराळाकडे वळू. चकलीची भाजणी कोरडी असते. कोरडी भाजणी सोऱ्यातून बाहेर येईल का? नाही. तिच्यात गरम तेलाचे मोहन आणि पाणी घालून मळली, की ती दाबाखाली वाहू लागते आणि बाहेर पडल्यावर आकारही धरून ठेवते. कमी भिजली तर चकली तुटते, जास्त भिजली तर काटे मोडतात.

धातूच्या पिठाचेही तसेच करतात. पीठ फार बारीक घेतात; कण २० मायक्रॉनहून लहान आणि शक्यतो गोल. (तुमचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) त्यात मेण आणि प्लॅस्टिक मिसळतात. घनफळाने पाहिले तर साधारण ६० भाग धातू आणि ४० भाग हा बांधक पदार्थ. वजनाने मात्र बांधक जेमतेम सात-आठ टक्के भरतो. १५० ते १८० अंशांना हे मिश्रण मळले की टूथपेस्टसारखे वाहते. बादल्या आणि पेनांची टोपणे ज्या तऱ्हेच्या यंत्रात तयार होतात, तशाच यंत्राने ते पोलादी साच्यात दाबून भरतात. काही सेकंदांत ते थंड होऊन घट्ट होते. साच्याचे भाग निरनिराळ्या बाजूंना सरकून उघडतात, त्यामुळे आडवी खोबणीही ठेवता येते. या रीतीचे नाव ‘मेटल इंजेक्शन मोल्डिंग’. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात रेमंड वीच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती धातूंसाठी उपयोगात आणली.

साच्यातून निघालेल्या तुकड्याला कारखान्यात ‘ग्रीन’ म्हणतात. त्याचा रंग हिरवा नसतो. तो अजून कच्चा आहे एवढाच याचा अर्थ. आता त्यातले मेण-प्लॅस्टिक काढून टाकायचे असते. आधी हेप्टेनसारख्या द्रावकात तुकडे बुडवून मेण विरघळवतात. मेण गेले की तुकड्यात आरपार बारीक वाटा तयार होतात. उरलेले प्लॅस्टिक तोवर कणांना धरून ठेवते. मग भट्टीत अगदी सावकाश तापवून प्लॅस्टिकची वाफ त्या वाटांनी बाहेर काढतात. या क्षणी तुकडा सर्वांत नाजूक असतो. बांधक गेलेला आणि कणांच्या माना नुकत्याच धरू लागलेल्या! बोट लागले तरी चुरा होईल. म्हणून त्याला तसेच न हलवता तापवत नेतात. पोलादाच्या जातीप्रमाणे १३०० ते १४०० अंशांच्या दरम्यान काही तास ठेवल्यावर कण एकजीव होतात आणि पोलादाचे ब्रॅकेट बाहेर येते.

आक्रसण्याचे गणित

वीटभट्टीवर गेलात तर विटेचा साचा पक्क्या विटेपेक्षा मोठा असतो हे ध्यानात येईल. चिखल वाळताना आणि भाजताना आक्रसतो, हे वीट पाडणाऱ्याला पक्के ठाऊक असते. धातूच्या पिठाचे ब्रॅकेटही असेच आक्रसते, आणि किती ते तुम्हीसुद्धा काढू शकता.

कच्च्या तुकड्याच्या घनफळात धातू ६० टक्के. तयार वस्तूत धातू सुमारे ९८ टक्के, उरलेले दोन टक्के बारीक पोकळ्या. धातूचे वस्तुमान बदललेले नाही. म्हणून नवे घनफळ जुन्याच्या ०.६० ÷ ०.९८ = ०.६१२ पट. लांबीतला बदल काढण्यासाठी याचे घनमूळ घ्या: ०.८४९. म्हणजे प्रत्येक लांबी सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते! तयार भाग १० मिमी. लांब हवा असेल, तर साचा ११.७८ मिमी. लांब करावा लागेल.

आता याच साच्यात मिश्रण भरताना धातूचे प्रमाण ६० ऐवजी ५९ टक्के झाले असे समजा. गणित पुन्हा करा. भाग १० मिमी. ऐवजी ९.९५ मिमी. लांब येईल. फरक जवळजवळ केसाच्या जाडीएवढा, पण यंत्राच्या भागाला तो खपत नाही. मिश्रण करणाऱ्या कामगाराच्या हातून झालेली एका टक्क्याची चूक भट्टीतून बाहेर येईपर्यंत दिसत नाही. आणि तोवर त्या मिश्रणाचे हजारो भाग तयार झालेले असतात.

घाई केली तर दुसरेही नुकसान होते. प्लॅस्टिक जलद तापवले तर आत कोंडलेल्या वाफेने तुकड्याला फोड येतात किंवा तडे जातात. वस्तूची जाडी दुप्पट केली तर आतले मेण बाहेर पडायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणूनच ही रीत ब्रॅकेट, घड्याळाचे भाग, मोबाइल फोनमधील बारीक तुकडे, शस्त्रक्रियेची नाजूक अवजारे अशा लहान वस्तूंना शोभते. यंत्राचे मोठे बूड याने करू म्हटले तर जमणार नाही.

भट्टीतल्या हवेचाही प्रश्न असतो. प्रत्येक कणावर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो अणूंची वाट अडवतो. म्हणून भट्टीत साधी हवा चालत नाही. निर्वात ठेवतात किंवा ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेणारा हायड्रोजन सोडतात. प्लॅस्टिक नीट न जाता त्याचा कार्बन मागे राहिला, तर तो पोलादात शिरून त्याचे गुण बदलतो. गंजू नये म्हणून निवडलेले पोलाद मग गंजू शकते, आणि ब्रॅकेट तर कोणाच्या तरी तोंडात वर्ष-दोन वर्षे राहायचे असते.

हाच पृष्ठभाग पेटही घेतो

दिवाळीतली फुलबाजी तुम्ही उडवली आहे. तिच्या चांदण्या म्हणजे धातूचे जळणारे कण; त्यांत लोखंडाचा कीसही असतो. खिळा मेणबत्तीवर धरला तर तो नुसता तापतो, पण त्याच लोखंडाचा कीस मात्र चांदण्यांसारखा जळतो. कारण तेच: कीस केला की पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि ऑक्सिजनला सगळीकडून शिरकाव मिळतो.

कणांना जोडणारा गुणच असा घातक ठरू शकतो. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील गॅलाटिन येथे लोहचूर्णाच्या एका कारखान्यात २०११ साली जानेवारी ते मे या काळात तीन दुर्घटना घडल्या आणि त्यांत पाच कामगार मृत्युमुखी पडले. यंत्रांवर आणि छताच्या तुळयांवर लोखंडाची बारीक धूळ साचलेली होती. ती हवेत उडाली आणि पेटली. शेवटच्या दुर्घटनेत नळीतून गळलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला आणि त्या हादऱ्याने वरची धूळ खाली कोसळून पेटली. लोखंड जळत नाही अशी आपली समजूत असते, पण लोखंडाची धूळ जळते. म्हणून अशा कारखान्यात झाडलोट आणि धूळ ओढून घेणारी यंत्रे ही यंत्राच्या तेलपाण्याइतकीच आवश्यक असतात. धातूची बारीक धूळ श्वासावाटे फुफ्फुसात जाण्याचाही धोका असतो. टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट यांच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा विकार डॉक्टरांना चांगला परिचित आहे. म्हणून धातूच्या पिठाशी घरी खेळ करू नका.

आपल्या आसपास

आत्ताच टंगस्टन कार्बाइडचे नाव आले. तुमच्या गावात बोअर घेताना पाहिली आहे का? महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागाखाली काळा, कठीण बेसाल्ट खडक आहे. त्याला भोक पाडणाऱ्या बिटच्या तोंडावर गोल गोल बटणे असतात. ती टंगस्टन कार्बाइडची. हा पदार्थ अतिशय कठीण, पण एकटा ठिसूळ. १९२३ साली जर्मनीतील कार्ल श्रोटर यांनी त्याच्या पिठात थोडे कोबाल्ट मिसळून तापपिंडन केले. भट्टीत कोबाल्ट वितळून कार्बाइडच्या कणांभोवती पसरते आणि त्यांना सांधते. एक्वादोरच्या सोनारांनी प्लॅटिनमच्या कणांत सोने मिसळले होते, ते आठवते ना? तीच युक्ती! पुढे क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’ या नावाने विकायला काढला. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘हिऱ्यासारखा’. आपल्या लेथवरचे कारागीर धार देण्याच्या टोकाला आजही ‘विडिया’च म्हणतात, ते यावरूनच.

पिठाच्या लोखंडी भागांचे कारखाने पुण्याजवळ पिंपरी भागात आहेत, आणि इंजेक्शन मोल्डिंगने धातूचे बारीक भाग करणारा जगातील मोठ्या कारखान्यांपैकी एक बंगळूरला आहे. या विषयावर संशोधन करणारी केंद्र सरकारची एक संस्था हैदराबादला आहे. तुमच्यापैकी कोणी पुढे अभियांत्रिकी शिकले, तर हे क्षेत्र जरूर नजरेसमोर ठेवा.

करून पाहा

तापपिंडन पाहायला भट्टीच हवी असे नाही. घरचा फ्रीझर पुरे! फ्रीझरमध्ये बहुधा −१८° से. म्हणजे २५५ केल्व्हिन तापमान असते आणि बर्फ २७३ केल्व्हिनला वितळतो. म्हणजे फ्रीझरमधला बर्फ त्याच्या वितळणबिंदूच्या सुमारे ९३ टक्क्यांवर असतो. लोखंडाच्या दृष्टीने पाहिले तर ती चांगली तापलेली भट्टीच झाली!

दोन सारख्या स्टीलच्या वाट्या फ्रीझरमध्ये थंड करून ठेवा. थोडा बर्फ कुटून बारीक करा आणि थोडा हरभऱ्याएवढा जाड ठेवा. दोन्ही वेगवेगळ्या ताटलीत पसरून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. कुटताना सुटलेले पाणी गोठून कण चिकटले असतील, ते थंड चमच्याने मोकळे करा. आता जाड बर्फ एका वाटीत आणि बारीक दुसरीत भरून, झाकण घालून फ्रीझरमध्ये ठेवा. रोज एकदा चमच्याने हलके टोचून पाहा. कोणत्या वाटीतला बर्फ लवकर घट्ट होतो? त्याची पातळी खाली जाते का? सात दिवसांची नोंद वहीत करा आणि गुरुजींना किंवा बाईंना दाखवा. एक काळजी मात्र घ्या: बर्फ मध्येच वितळून पुन्हा गोठला, तर ते तापपिंडन राहणार नाही, गुढीच्या गाठींसारखे ओतकाम होईल!